कोडे, उत्तर आणि समूह : साखरा (जि. हिंगोली) परिसरातील कोड्यांच्या परंपरेचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

इतिहासाची साधने म्हटली म्हणजे शिलालेख, ताम्रपट, नाणी, बखरी आणि दफ्तरांतील कागदपत्रे आपल्या डोळ्यांसमोर येतात. गेल्या काही दशकांत या यादीत मौखिक साधनांची भर पडली. जात्यावरच्या ओव्या हे त्याचे ठळक उदाहरण होय. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या आणि स्त्रियांच्या इतिहासाचे साधन म्हणून अभ्यासक त्यांच्याकडे पाहू लागले. त्याच जात्यापाशी आणि त्याच ओट्यावर घातल्या जाणाऱ्या कोड्यांच्या वाट्याला मात्र हे भाग्य आले नाही. कोडे म्हणजे पोरखेळ अशी आपली समजूत आहे, आणि ती रूढ होण्यात आम्हा इतिहासाच्या अध्यापकांचा वाटा लहान नाही.

कोड्यांचा अभ्यास झालाच नाही, असे अर्थातच म्हणता येणार नाही. १९४३ मध्ये ‘मॅन इन इंडिया’ या नियतकालिकाने व्हेरियर एल्विन आणि डब्ल्यू. जी. आर्चर यांच्या पुढाकाराने भारतीय कोड्यांना एक अंक वाहिला. १९६५ मध्ये दुर्गा भागवत यांचा ‘द रिडल इन इंडियन लाइफ, लोअर अँड लिटरेचर’ हा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. सरोजिनी बाबर यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीने केलेले काम सर्वश्रुत आहे. परंतु हे सारे प्रयत्न लोकसाहित्य आणि मानववंशशास्त्र यांच्या अंगणात झाले. इतिहासाने कोड्याकडे साधन म्हणून क्वचितच पाहिले. प्रस्तुत निबंधात तसे पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

त्यासाठी निवडलेले गाव साखरा हे हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील आहे. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यापूर्वीचा या भागाचा प्रवास मराठवाड्याच्या इतर गावांसारखाच आहे : १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाची राजवट, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्य, पुढे द्विभाषिक मुंबई राज्य आणि १९६० पासून महाराष्ट्र. राजभाषा उर्दू, कचेरीतले कागद उर्दू, घरातले बोलणे मात्र मराठी, अशी स्थिती येथील दोन-तीन पिढ्यांनी अनुभवली. मराठीचा जो भाग कागदावर न येता घरात टिकला, त्यात कोडी येतात.

कोड्याकडे साधन म्हणून पाहताना ‘याचे उत्तर काय?’ या प्रश्नापाशी थांबून चालत नाही. ‘हे उत्तर कोणाला माहीत असू शकत होते?’ हा इतिहासाचा प्रश्न आहे. कोडे घालणारा एकटा असतो, पण कोडे सुटते ते समूहात, आणि उत्तर सापडते ते समूहाच्या सामाईक अनुभवात. तो अनुभव बदलला की कोडे तसेच राहते आणि उत्तर हरवते.

उखाणा, आहणा, हुमाण आणि कूट

आज ‘उखाणा’ म्हटले की लग्नातील नाव घेणे आठवते. जुन्या मराठीत उखाणा म्हणजे कोडे. आहणा, उमाणा आणि हुमाण हे शब्दही याच अर्थाचे असून हुमाण कोकण-गोव्याकडे अधिक ऐकू येतो. संतसाहित्यात आणि शाहिरीत ‘कूट’ आहे, तर संस्कृत साहित्यशास्त्रात ‘प्रहेलिका’. उखाणा या एकाच शब्दात कोडे आणि नाव घेणे हे दोन अर्थ कसे नांदले, हे पाहण्यासारखे आहे. पतीचे नाव उच्चारायचे नाही, आणि तरी ते सांगायचे आहे, ही स्त्रीची अडचण म्हणजे मूलतः कोड्याचीच अडचण होय. वस्तूचे नाव न घेता वस्तू ओळखू यावी असे बोलणे, हेच दोन्हींचे तंत्र.

नाव न घेण्याच्या या रीतीचा माग नात्यांच्या कोड्यांत विशेष लागतो. सर्वत्र ऐकू येणारे एक कोडे असे. एक पुरुष आणि एक स्त्री वाटेने चालले आहेत. ‘ही तुझी कोण?’ असे कोणी विचारले असता तो पुरुष नाते सांगत नाही. हिची सासू आणि माझी सासू या मायलेकी, एवढेच म्हणतो. तर ती त्याची कोण? रूढ उत्तर ‘सून’ असे आहे. पुरुषाच्या सासूची लेक ही त्याची बायको, तीच या स्त्रीची सासू, म्हणून ही स्त्री त्याची सून.

साखऱ्यात एका ओट्यावर हे कोडे निघाले तेव्हा साठी ओलांडलेल्या एका काकूंनी या उत्तराला हरकत घेतली. माय कोण आणि लेक कोण हे कोड्यात सांगितलेच नाही, असे त्यांचे म्हणणे. स्त्रीची सासू ‘माय’ आणि पुरुषाची सासू ‘लेक’ धरली, तर त्या स्त्रीचा नवरा हा पुरुषाच्या सासूचा भाऊ ठरतो, म्हणजे बायकोचा मामा. मग ही बाई त्याची सून नव्हे, मामेसासू. यावर शेजारच्या एका वहिनींनी आणखी एक वाट काढली. पुरुषाच्या सासूला लेकी दोन असतील तर? मग ती मेव्हणीची सूनही असू शकेल. तासभर वाद चालला. शेवटी ज्येष्ठ आजींनी निकाल दिला की तिन्ही उत्तरे बरोबर, पण ‘सून’ हे कोड्याचे उत्तर, कारण इतर नाती सांगायला त्या पुरुषाला एवढा संकोच वाटला नसता.

हा निकाल मला फार मोलाचा वाटतो. तर्कदृष्ट्या शक्य असलेली सर्व उत्तरे या स्त्रियांनी शाळेतील तर्कशास्त्राची पायरीही न चढता काढली. त्यांपैकी एकाची निवड त्यांनी तर्काने केली नाही, समाजाच्या रीतीने केली. सासरा आणि सून वाटेने बरोबर चालले आहेत, हा प्रसंगच अवघडलेला. म्हणून बोलणे आडवळणाचे. कोड्याच्या उत्तरात कुटुंबव्यवस्थेचा एक नियम दडलेला होता, आणि तो नियम ज्यांच्या अंगवळणी पडला होता त्यांनाच तो दिसला.

घर, शेत आणि हरवलेले उत्तर

कोड्यांचे सर्वांत मोठे भांडार घर आणि शेत यांच्याभोवतीचे आहे. जाते, उखळ, उतरंड, कणगी, दिवा, तिफण, मोट, कापसाचे बोंड, ज्वारीचे कणीस, मिरची, कांदा. रोज हाताळल्या जाणाऱ्या वस्तूच कोड्यात अनोळखी होऊन येतात. मोटेचे कोडे घ्या. ती रित्या पोटाने उतरते, भरल्या पोटाने वर येते आणि वर येताच सारे ओकून टाकते. ओढणारे पुढे चालले की ती वर येते, मागे सरले की खाली जाते. ज्याने धावेवर बैलजोडी चालताना पाहिली, नाडा आणि सोंदूर यांचा ताण पाहिला, थारोळ्यात पडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकला, त्याला उत्तर शोधावे लागत नाही. विहिरीवर आधी तेलाचे इंजिन आले, मग विजेची मोटार आली, आणि मोट परसात पडून सुकली. कोडे मात्र आजीच्या तोंडी राहिले. आमच्या वर्गात ते घातले असता पदवीच्या दुसऱ्या वर्षाचा एकही विद्यार्थी उत्तर देऊ शकला नाही. ‘लिफ्ट’ हे एक उत्तर आले. ते अगदीच चुकीचे म्हणवत नाही.

तिफणीचे कोडे अजून तग धरून आहे. एका तोंडाने खाऊन तीन पायांनी पेरणारी ही बाई कोण, हे चाड्यावर मूठ धरणारे हात ज्या घरात आहेत तेथे अजून कळते. ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राला दाते किती, हे विचारल्यास मुले अधिक लवकर सांगतील.

याउलट काही कोडी आपल्या मातीत न उगवणाऱ्या वस्तूंची आहेत आणि तरी सर्वांना सुटतात. साखऱ्याच्या शिवारात नारळ पिकत नाही, मीठ तर समुद्रकाठचे. पण नारळ देवापुढे येतो आणि मीठ रोजच्या भाकरीत असते. पाण्यात जन्मून पाण्यातच मरणाऱ्या मिठाचे कोडे या पठारावर प्रचलित असणे हा बाजारपेठेच्या आणि लमाणी तांड्यांच्या जुन्या वाहतुकीचा एक लहानसा दाखलाच होय.

उत्तर टिकले पण त्यामागचे कारण गेले, असाही एक प्रकार आढळतो. एका दुकानदाराजवळ चाळीस शेराचा एक दगड होता. तो पडून त्याचे चार तुकडे झाले. त्या चार तुकड्यांनी तागडीवर एक शेरापासून चाळीस शेरांपर्यंतचे प्रत्येक पुरे वजन मोजता येऊ लागले. तर तुकडे किती किती शेरांचे? उत्तर १, ३, ९ आणि २७. येथे वजन दोन्ही पारड्यांत ठेवण्याची मुभा आहे, ही खुबी. दोन शेर तोलायचे असल्यास एका पारड्यात तीन शेरांचा तुकडा आणि मालाच्या बाजूला एक शेराचा. हा प्रश्न युरोपातही जुना आहे. क्लोद-गास्पार बाशे या फ्रेंच गणितज्ञाने तो १६१२ मध्ये आपल्या ग्रंथात घेतला, म्हणून तिकडे तो त्याच्या नावाने ओळखला जातो. पण आपल्याकडे हा दगड चाळीस शेराचाच असण्याला आणखी एक आधार होता. चाळीस शेरांचा एक मण. दुकानात मणाचा दगड असणे ही रोजची गोष्ट होती.

१९५६ च्या वजन-मापांच्या कायद्याने दशमान पद्धत आली आणि शेर-मण हळूहळू बाजारातून गेले. आज हे कोडे ‘चाळीस किलोचा दगड’ असे ऐकू येते. गणित तेच, उत्तर तेच, पण चाळीसच का, याचे उत्तर आता फक्त गणितात मिळते. या एका शब्दाच्या बदलावरून कोडे सांगणाऱ्याचे वय मला अनेकदा अंदाजता आले आहे.

नाण्यांच्या बाबतीतही असेच. निजामाच्या राज्यात हाली सिक्का चालत असे आणि ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयाला लोक कलदार म्हणत. हैदराबाद राज्य भारतात विलीन झाल्यावरही काही वर्षे दोन्ही चलने सोबत होती. सात हाली रुपये म्हणजे सहा भारतीय रुपये, असा हिशेब. १९५९ मध्ये हाली चलन बंद झाले. ज्या शेतकऱ्याला सरकी विकून आलेल्या हाली रुपयांचे कलदार मनातल्या मनात करावे लागत, त्याला हिशेबाचे कोडे म्हणजे करमणूक वाटत नसे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी ही पाढ्यांची शिदोरी त्यासाठीच होती. उडत्या पाखरांच्या थव्याचे जे कोडे सर्वत्र आढळते (आम्ही, आमच्याएवढेच आणखी, आमच्या निम्मे, आमच्या पाव, आणि तू एक मिळून शंभर), ते पाटीपेन्सिलीशिवाय ३६ वर आणून सोडणारी माणसे या परिसरात आजही आहेत. सव्वा, दीड, पावणेदोन या भाषेत विचार करणाऱ्याला ३६, ३६, १८, ९ आणि १ ही मांडणी समीकरण न मांडता दिसते.

कोडे न्याय्य केव्हा होते, याचा दाखला बायबलमधील शमशोनाच्या कथेत उलट बाजूने मिळतो. आपण मारलेल्या सिंहाच्या सांगाड्यात त्याला मध सापडला होता, आणि लग्नाच्या मेजवानीत त्याने त्यावरच कोडे घातले. जे त्याने एकट्याने पाहिले ते इतरांना कसे सुटावे? त्या कोड्याचा शेवट दगाबाजीत आणि रक्तपातात झाला. साखऱ्याच्या ओट्यावर असे कोडे कोणी घातले तर ‘हे घरचं कोडं झालं’ म्हणून ते बाद होते. उत्तर सर्वांच्या डोळ्यांसमोर असले पाहिजे, ही तेथील अट आहे.

परंपरेचा मागोवा

या अटीमागील परंपरा फार जुनी आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील १६४ वे, बावन्न ऋचांचे अस्यवामीय सूक्त कूटप्रश्नांनी भरलेले आहे. अश्वमेधातील ब्रह्मोद्यात ऋत्विज एकमेकांना कोडी घालत. महाभारताच्या वनपर्वातील यक्षप्रश्न सर्वांना परिचित आहेत. चौसष्ट कलांमध्ये प्रहेलिकेची गणना होते, आणि दंडीने ‘काव्यादर्शा’त तिचे सोळा प्रकार सांगून विनोदगोष्टी आणि गर्दीतील गुप्त संभाषण हे तिचे उपयोग नोंदवले. वेताळाच्या कथा ‘कथासरित्सागरा’तून पुढे ‘वेताळ पंचविशी’च्या रूपाने मराठीत आल्या. १९५२ पासून मराठीत निघू लागलेल्या ‘चांदोबा’ने त्या खेड्यातील मुलांपर्यंत पोहोचवल्या.

महाराष्ट्राच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा दाखला म्हणजे भास्कराचार्यांची ‘लीलावती’ (इ. स. ११५०). गणिताचा हा ग्रंथ प्रश्न घालताना समोर कोणी आहे असे धरून बोलतो. सखे, बाले, सांग, असे संबोधून तो भुंग्यांचा थवा, तळ्यातील कमळ, मोडलेला वेळू यांचे हिशेब विचारतो. थव्याचा पाचवा भाग कदंबावर, तिसरा भाग दुसऱ्या फुलावर, या दोहोंतील फरकाची तिप्पट कुड्यावर आणि एक भुंगा मध्येच भिरभिरत राहिलेला. एकूण पंधरा. चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेखातून दिसते की भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी तेराव्या शतकाच्या आरंभी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला. यादव सिंघणाच्या काळातील ही घटना. गणित हे एकांतात करायचे नसून समोरच्याला विचारायचे असते, हा ‘लीलावती’चा बाज आणि आमच्या ओट्यावरील कोड्याचा बाज वेगळा नाही.

साखऱ्याच्या पंचक्रोशीत याहून जवळचा दाखला आहे. नामदेवांचे नरसी आणि विसोबा खेचरांशी जोडलेले औंढा नागनाथ ही दोन्ही स्थाने हिंगोली जिल्ह्यातच आहेत. संतचरित्रांतील कथेनुसार नामदेव औंढ्यास आले तेव्हा विसोबा पिंडीवर पाय ठेवून पहुडले होते. नामदेवांनी आक्षेप घेतल्यावर, देव नाही अशी जागा दाखव आणि तेथे माझे पाय ठेव, असे त्यांनी सांगितले. कथेचे ऐतिहासिकत्व बाजूला ठेवू. तिची रचना मात्र निखळ कोड्याची आहे. प्रश्न सोपा, शोध प्रामाणिक, आणि उत्तराची जागा सापडत नाही हेच उत्तर. मुक्ताबाईंचा मुंगीविषयीचा कूट अभंग आणि एकनाथांची भारुडे याच वाटेने जातात. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत बंद केले तेव्हा त्यांनी मात्र उलट केले. तेथे उत्तर पंथाबाहेरच्यांसाठी नव्हतेच.

पुढे कलगी-तुऱ्याच्या फडांनी आणि तमाशातील सवाल-जबाबांनी कूट चव्हाट्यावर आणले. एका फडाने रात्रीत रचलेले कूट दुसऱ्या फडाला त्याच बैठकीत सोडवावे लागे आणि निवाडा श्रोते करीत. शेकडो लोकांसमोर उत्तर उघडे होत असल्यामुळे सवाल टाकणाऱ्याला ते बदलता येत नसे. ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावी.

बंद लिफाफ्यातील उत्तर

२१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या पत्रात आर्थर विन यांचे कोडे प्रसिद्ध झाले आणि शब्दकोड्याचा छापील इतिहास सुरू झाला. भारतात शब्दकोडी रुजली ती करमणूक म्हणून, आणि थोड्याच काळात बक्षिसांच्या स्पर्धा म्हणूनही. प्रवेश फी भरून कूपन पाठवायचे. संपादकाकडील मोहोरबंद उत्तराशी ज्याचे उत्तर जुळेल त्याला हजारो रुपये.

यातील मेख उत्तरात होती. समजा, सूचना अशी आहे : ‘संसारात याची जोड असावी लागते’, आणि दुसरे अक्षर ‘न’ दिले आहे. ‘मन’ की ‘धन’? दोन्ही बसतात. अशा दुहेरी जागा दहा असल्या की १०२४ वेगवेगळी उत्तरे संभवतात, आणि त्यांतील एकच लिफाफ्यात असते. जाणकार माणूस कोडे सोडवू शकत नाही, फक्त अनेक कूपने विकत घेऊ शकतो. आमच्या काकूंनी मामेसासूचा मुद्दा मांडला तेव्हा त्यांना तो समूहापुढे पटवून देता आला. लिफाफ्यापुढे वाद घालता येत नाही.

मुंबई राज्याने १९४८ मध्ये अशा स्पर्धांवर नियंत्रण आणि कर बसवणारा कायदा केला. बंगळूरहून चालणाऱ्या आर. एम. डी. चमारबागवाला यांच्या शब्दकोडे स्पर्धेवर तो लागू करण्यावरून खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. दरम्यान १९५५ मध्ये संसदेने ‘प्राइझ कॉम्पिटिशन्स ॲक्ट’ संमत केला. एका महिन्यात एक हजार रुपयांहून अधिक बक्षिसाच्या स्पर्धेला त्याने बंदी घातली, आणि त्याखालील स्पर्धेत दोन हजारांहून अधिक प्रवेशिका घेण्यास मनाई केली. ज्या राज्यांच्या विधिमंडळांनी अशा केंद्रीय कायद्याची मागणी करणारे ठराव केले त्यांत मुंबईबरोबर हैदराबादही होते. साखरा त्या वेळी हैदराबाद राज्यात होते, म्हणजे या गावाच्या वतीनेही तो ठराव झाला असे म्हणावयास हरकत नाही. ९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्णयात कौशल्याची स्पर्धा आणि जुगार यांत भेद केला. पहिलीला व्यवसायस्वातंत्र्याचे संरक्षण आहे, दुसऱ्याला नाही. जेथे उत्तर आधीच ठरलेले आणि ते जुळणे योगायोगावर अवलंबून, तेथे कौशल्य उरत नाही, हा त्यामागील विचार.

हा भेद पुढे सहा दशकांहून अधिक काळ न्यायालयांत उगाळला गेला. २०२५ च्या ऑगस्ट महिन्यात संसदेने ऑनलाइन खेळांविषयी जो कायदा संमत केला, त्यात पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना मनाई करताना कौशल्य आणि नशीब हा फरक बाजूला ठेवला आहे. पैसा आला की कोड्याचे स्वरूप बदलते, ही गोष्ट १९५५ च्या लोकप्रतिनिधींनी ओळखली होती. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात तिला एका ओळीचीही जागा नसावी, याचे नवल वाटते.

देवळालीचा शाळामास्तर

पैशाचा मार्ग सोडून कोडे दूरवर जाऊ शकते, याचे महाराष्ट्रातील उत्तम उदाहरण दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांचे आहे. १९३० ते १९६२ या काळात ते देवळाली येथे शाळेत शिक्षक होते. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठाचे पद नाही. अंकांच्या गमती शोधाव्यात, स्वखर्चाने लहान पुस्तिका छापाव्यात, शाळाशाळांतून मुलांपुढे बोलावे, हा त्यांचा आयुष्यक्रम.

कोणताही चार अंकी आकडा घ्यावा, चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने लिहून त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करावी, आणि हेच पुन्हापुन्हा करावे. हिंगोली जिल्ह्याचे जन्मवर्ष १९९९ घेतले तर ७९९२, ७१७३, ६३५४, ३०८७, ८३५२ आणि सहाव्या पायरीला ६१७४. कोठूनही निघा, सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येतेच, आणि तेथे गाडी थांबते. १९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत कापरेकरांनी हा शोध मांडला. पुढे मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, आणि ज्यांना स्वदेशी अनेकांनी हौशी समजून बाजूला ठेवले होते त्यांचे नाव जगभर झाले. पण गार्डनरच्या आधी ते नाव शाळेतील मुलांना ठाऊक होते. वजाबाकी येणाऱ्या कोणालाही हे कोडे पडताळून पाहता येते, लिफाफा उघडण्याची वाट पाहावी लागत नाही. ओट्यावरील कोड्याची अट येथे पुरी होते.

भ्रमणध्वनीवरील ओटा

२००५ नंतर मराठी वृत्तपत्रांत सुडोकू आले आणि एकट्याने सोडवायच्या कोड्याची सवय वाढली. २०१६ मध्ये जिओच्या आगमनानंतर स्वस्त डेटा खेड्यात पोहोचला आणि कोडे पुन्हा समूहात आले, या वेळी व्हॉट्सॲपवर. चित्रांवरून गावांची नावे ओळखा, आंबे आणि पेरू यांच्या किमतींवरून उत्तर काढा, दोन बाप आणि दोन लेकांत तीन भाकरी वाटा, अशी कोडी दररोज फिरतात.

यात काय गेले, हे सांगणे सोपे आहे. ओट्यावर ज्याला उत्तर आले तो गप्प बसे, इतरांकडे पाहून हसे, फार तर एखादी खूण देई. ‘हरलो’ म्हटल्याशिवाय उत्तर सांगायचे नाही, असा दंडक होता. गटात पहिल्याच मिनिटाला कोणीतरी उत्तर टाकून मोकळा होतो, तेही पुष्कळदा शोधयंत्रातून काढलेले. मात्र काही मिळालेही आहे, आणि ते मोजताना आपण प्राध्यापक मंडळी कंजुषी करतो. ओट्यावर त्या गल्लीतलीच माणसे असत. गटात दिलेल्या लेकी आहेत, पुण्याला कंपनीत असलेली मुले आहेत, ऊसतोडीसाठी कारखान्यावर गेलेली जोडपी आहेत. मी साखऱ्यातील एका परिचिताकडून मोटेचे कोडे अशा एका गटात घातले. ‘बादली’, ‘बोअर’, ‘जेसीबी’ अशी उत्तरे आली. रात्री उशिरा परगावी मुलाकडे राहणाऱ्या एका आजोबांचा आवाजी संदेश आला. त्यात त्यांनी उत्तर सांगितले नाही. मोट हाकताना बैलांना मागे सारण्यासाठी तोंडाने जो आवाज काढतात तेवढाच काढला. दोन-तीन मिनिटांत गटातील म्हाताऱ्यांनी ओळखले, तरुणांनी विचारले, आणि मोटेच्या भागांची नावे एकेक करून येऊ लागली : धाव, नाडा, सोंदूर, कणा, थारोळे. सोंदूर हा शब्द मला स्वतःला त्या रात्री नव्याने नीट कळला. ती सर्व नावे मी उतरवून घेतली.

त्याच वहीत एक पान अर्धे कोरे आहे. ज्या आजींनी सुनेच्या कोड्याचा निकाल दिला होता, त्यांनी निघताना मला आणखी एक कोडे घातले, तीन बहिणींचे. तिघी बरोबर निघतात, दोघी परत येतात, आणि तिसरीचे लग्न पावसात लागते. मी विचार करून हरलो म्हटले. आजी बराच वेळ आठवत राहिल्या. त्यांनी ते आपल्या आईकडून ऐकले होते, कोडे शब्दन्‌शब्द पाठ होते, पण उत्तर आठवेना. तिफण असावी असे एकाला वाटले, काकूंनी ते खोडून काढले. गटातही ते घालून झाले. आजोबांकडूनही अजून काही आलेले नाही.